कानावर विसंबू नका: मुलांना शुद्धलेखन डोळ्यांनी कसं शिकवायचं

चुकलेला शब्द दहा वेळा लिहून काढ, असं सांगितल्यावर मूल नेमकं काय करतं ते एकदा शेजारी बसून बघा. मी बघितलंय. शब्द होता 'महत्त्व'. मुलीने आधी एकाखाली एक दहा 'म' काढले. मग प्रत्येकापुढे एकेक 'ह'. मग वरून खाली येत दहा वेळा ते जोडाक्षर. पान भरलं, अक्षरही सुरेख आलं, पण 'महत्त्व' हा शब्द सलग असा तिने एकदाही लिहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर पुन्हा एक 'त' गायब.

त्या मुलीचा आळस नव्हता. दहा वेळा लिहिताना समोरचा शब्द सतत उघडा असतो, त्यामुळे तो आठवायची गरजच पडत नाही. हात चालतो आणि डोकं विश्रांती घेतं. म्हणून मी हा प्रकार पूर्ण सोडून दिला आणि त्याऐवजी जे करते ते इथे क्रमाने सांगते. आई-बाबा, आजी-आजोबा, नव्याने शिकवायला लागलेले शिक्षक, कुणालाही जमेल असं आहे. लागतं ते एवढंच: जाडसर कोरा कागद, काळं पेन, दोन रंगीत पेनं आणि रोजची दहा मिनिटं.

कान कुठे फसतो

मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. त्यामुळे 'नीट ऐक आणि लिही' हे आपल्या तोंडी बसलेलं असतं. काना, मात्रा, व्यंजनं यांच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. वेलांटी आणि उकार आले की मात्र हा सल्ला मुलाला खड्ड्यात घालतो.

एक करून बघा. 'आणि' म्हणा, मग 'पाणी' म्हणा. शेवटचा स्वर कानाला सारखाच येतो. पण एकात पहिली वेलांटी, दुसऱ्यात दुसरी. 'किडा' आणि 'पीडा' यांचं यमक अगदी चोख जुळतं, लिहिताना मात्र एक ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. 'गुण' आणि 'सून' यांतला उकार बोलताना आपण वेगळा काढत नाही. आता आठ वर्षांच्या मुलाने कितीही कान टवकारले तरी यातला फरक त्याला कुठून ऐकू येणार? तो फरक आवाजात नाहीच, तो फक्त कागदावर आहे.

नियम आहेत, हे खरं. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेले १४ आणि १९७२ साली त्यांत भर घातलेले ४, असे १८ नियम आपण पाळतो. 'गरीब', 'वकील', 'सून' यांसारख्या शब्दांत शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, हा त्यांतलाच एक. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमातून सुटतात, म्हणून 'गुण' आणि 'मंदिर' ऱ्हस्वच राहतात. नियम लावायचा तर शब्द तत्सम आहे का हे आधी माहीत हवं, आणि तिसरीतल्या मुलाला ते माहीत नसतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी शब्दाचं रूप डोळ्यांत बसवायचं, ओळखीचे पुरेसे शब्द साठले की मग नियम सांगायचा. तेव्हा तो नियम मुलाला आपसूक पटतो, कारण त्याची उदाहरणं त्याच्याकडे आधीच असतात.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करते. डोळ्यांनी लक्षात ठेवणं म्हणजे शब्दाचा फोटो काढून डोक्यात टांगणं नव्हे. वाचन शिकण्यावर आयुष्यभर काम केलेल्या अमेरिकी संशोधक लिनिया एरी यांनी मांडलेली गोष्ट मला वर्गात रोज खरी ठरताना दिसते: शब्दातलं प्रत्येक अक्षर त्याच्या आवाजाशी आणि शब्दाच्या अर्थाशी बांधलं गेलं, तरच तो शब्द टिकतो. म्हणून ज्या मुलाला बाराखडी अजून अडखळत वाचावी लागते, त्याच्यासोबत ही पद्धत सुरू करू नका. आधी वाचन मोकळं होऊ द्या. बहुतेक मुलं सात-आठ वर्षांची झाली की तयार असतात.

शब्द निवडणे

तयार याद्या बाजूला ठेवा. मुलाची वही उघडा आणि त्याने स्वतःहून लिहिलेल्या मजकुरात चुकलेले शब्द वेगळे काढा. जो शब्द त्याला वापरावासा वाटला, तोच त्याला शिकावासाही वाटतो.

सुरुवातीला दिवसाला तीन शब्द, सवय झाली की पाच. त्यापुढे मी जात नाही. प्रत्येक शब्द मुलाला वाचता आला पाहिजे आणि त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. आणि एक काळजी घ्या, दिसायला जवळचे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, ही जोडी समजावताना आपल्याला मजा येते, पण दोन्ही नवे असतील तर मुलाच्या डोक्यात ते कायमचे एकमेकांत गुंततात. एक पक्का होऊ द्या, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी आणा.

कार्ड तयार करणे

एका कार्डावर एकच शब्द. कार्ड पोस्टकार्डाएवढं, रेघा नसलेलं. अक्षरं साधारण दोन सेंटिमीटर उंच, शिरोरेषा पूर्ण ओढलेली, वेलांटी आणि उकार ठळक. हाताने लिहिलेलं चालतं, नव्हे, मला तेच आवडतं, कारण मूल तुम्हाला तो शब्द लिहिताना बघतं आणि तिथूनच त्याचं लक्ष लागायला सुरुवात होते.

सगळा शब्द काळा. फक्त जिथे चूक होते तेवढीच जागा रंगीत. 'परीक्षा' मध्ये फक्त 'री'ची वेलांटी, 'उज्ज्वल' मध्ये फक्त दोन 'ज'. उत्साहाच्या भरात प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात काढलेली कार्डं मी पाहिली आहेत. ती दिसतात छान, पण नजर नेमकी कुठे थांबवायची तेच कळत नाही. रंगांचा अर्थ एकदा ठरवा आणि पुढे बदलू नका. मी ऱ्हस्वाला हिरवा आणि दीर्घाला निळा वापरते. लाल मुद्दाम टाळते, कारण वहीतला लाल रंग मुलांना चुकीच्या खुणेची आठवण करून देतो.

'ल' आणि 'श' ही अक्षरं दोन-दोन प्रकारे काढलेली आढळतात. मुलाच्या पाठ्यपुस्तकात ज्या वळणाची असतील, त्याच वळणाची कार्डावर काढा. वेलांटी लक्षात ठेवण्याच्या कामात त्याला नव्या वळणाचं ओझं नको.

कार्डाच्या मागे तोच शब्द पूर्ण काळ्या रंगात लिहून ठेवा. आठवड्याने ती बाजू वापरायची. पुस्तकात वेलांटी निळी नसते, आणि रंगाच्या आधाराशिवाय शब्द आठवला तरच तो खरा बसला.

पहिली पायरी: पाहणे

इथे बहुतेक जण घाई करतात. कार्ड दाखवलं, शब्द वाचला, कार्ड खाली. त्याने काही साठत नाही. जॉर्ज स्पर्लिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० साली केलेल्या प्रयोगांत दिसून आलं की, क्षणभर दाखवलेल्या अक्षरांचं डोळ्यांत उरलेलं चित्र सेकंदाच्या आतच विरून जातं. टिकतं ते तेवढंच, ज्याकडे आपण लक्ष दिलेलं असतं. म्हणून भराभर कार्डं उलटण्याऐवजी एकाच कार्डावर थांबा आणि मुलाला प्रश्न विचारून पाहायला लावा.

'बहीण' या शब्दाचं माझ्याकडचं एक सत्र सांगते. कार्ड समोर उघडं आहे.

"किती अक्षरं आहेत?"
"तीन."
"वेलांटी कुणाला आहे?"
"ह ला."
"वेलांटीची उभी रेघ 'ह'च्या आधी आहे की नंतर?"
मुलगा थांबतो, बोट ठेवतो. "नंतर."
"मग ती कितवी वेलांटी?"
"दुसरी."
"या शब्दात कुणी फसेल तर कुठे फसेल?"
"इथेच." आणि तो पुन्हा वेलांटीवर बोट आपटतो.

शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. चूक कुठे होऊ शकते हे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की त्या जागेवर त्याची नजर खिळते. आणि 'आधी की नंतर' हा प्रश्न देवनागरीत फार कामाचा आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे उभी राहते, दुसरी उजवीकडे. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नसलं तरी डावं-उजवं डोळ्याला चटकन कळतं.

दुसरी पायरी: डोळे मिटून

आता कार्ड पालथं घाला आणि मुलाला डोळे मिटायला सांगा. तेच प्रश्न पुन्हा, यावेळी आठवणीतून. मधलं अक्षर कोणतं? वेलांटी कुठल्या बाजूला? शेवटी काय आहे?

त्यानंतर सगळ्यांत उपयोगी कसोटी: शब्द मागून पुढे सांगायचा. 'ण. मग ह, दुसरी वेलांटी. मग ब.' पुढून सांगताना मूल आवाजाच्या आधाराने रेटून नेऊ शकतं. मागून येताना आवाजाची मदत मिळत नाही, शब्द खरोखर डोळ्यांपुढे आणावा लागतो. तीन-चार अक्षरी शब्दांना हे छान लागू पडतं, लांबलचक शब्दांना करू नका.

काही मुलं सांगतात, मला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवा. मनात चित्र न उमटणं ही खरीखुरी गोष्ट आहे, त्याला २०१५ पासून अ‍ॅफँटेशिया असं नाव आहे. अशा मुलाला 'दिसतंय का?' असं विचारत राहिलं की तो एकतर खोटं बोलतो नाहीतर खट्टू होतो. त्याला 'सांग' म्हणा. "ह ला दुसरी वेलांटी, रेघ उजवीकडे" हे त्याने शब्दांत सांगितलं तरी काम तेवढंच होतं. नजर वर ठेवायची की बाजूला, यावरही मी वेळ घालवत नाही. समोरची कोरी भिंत पुरते.

तिसरी पायरी: बोटाने

ही पायरी प्रत्येक शब्दाला लागत नाही, पण हट्टी शब्दाला लागतेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रेस फर्नाल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वाचन-लेखनात मागे पडलेल्या मुलांसोबत काम करत. त्या शब्द मोठ्या अक्षरांत लिहून देत, मूल त्यावरून बोट फिरवत तो शब्द म्हणत असे, आणि न बघता लिहिता येईल असं वाटेपर्यंत हे चाले.

मी तसंच करते. कार्डावरून बोट फिरवायचं, बोट ज्या अक्षरावर असेल तेच अक्षर तोंडाने म्हणायचं. बोट पुढे आणि आवाज मागे असं होऊ देऊ नका. 'फूल' म्हणताना बोट 'फ'वरून खाली उकारात उतरतं, तेव्हा उकारही सावकाश म्हटला जातो. पेनाऐवजी बोटच का? कारण बोट लागलं की कागदाचा स्पर्श कळतो आणि मुलाची चाल आपोआप मंदावते.

चौथी पायरी: झाकणे आणि लिहिणे

सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे. बाकी एखादी पायरी वगळली तरी चालेल, ही नाही.

कार्ड नजरेआड करायचं. मनात पाच आकडे मोजायचे. मग शब्द संपूर्ण, न थांबता लिहायचा. अर्ध्यावर अडलं तर कार्ड डोकावून बघायचं नाही. लिहिलेलं झाकायचं, कार्ड पुन्हा नीट पाहायचं आणि शब्द पहिल्यापासून लिहायचा. तुकड्या-तुकड्याने बघून लिहिणं म्हणजे पुन्हा ते दहा 'म' आणि दहा 'ह'.

झाकण्यात एवढं काय आहे, ते रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वच्छ दिसतं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून न बघता आठवून लिहायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणजे बघत राहण्याने आलं आलं असं वाटतं, पण टिकतं ते आठवायची धडपड केल्याने. मूल कपाळाला आठ्या घालून शब्द शोधत असतं, तेव्हा आपल्याला दया येते आणि आपण पटकन सांगून टाकतो. तेवढी दहा सेकंदं गप्प बसायला शिकायचं आहे ते आपण मोठ्यांनी.

पाचवी पायरी: तपासणे

तपासायचं मुलाने, तुम्ही नाही. कार्ड लिहिलेल्या शब्दाच्या बरोबर वर ठेवायचं आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत दोन्ही ताडून बघायचं. बरोबर असेल तर छोटी खूण. चुकलं असेल तर तो शब्द रबराने पूर्ण पुसायचा किंवा त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची. गोल करायचा नाही, वर दुरुस्ती करायची नाही, तो दिसताच कामा नये.

याबद्दल मी फार आग्रही आहे. लॅरी जॅकोबी आणि अ‍ॅन हॉलिंग्सहेड या संशोधकांनी १९९० साली दाखवून दिलं की, चुकीचं स्पेलिंग नुसतं वाचण्यात आलं तरी नंतर तो शब्द लिहिताना मोठी माणसंही जास्त चुकतात. डोळा चूक आणि बरोबर असा भेद करत नाही, जे दिसतं ते साठवतो. म्हणून 'योग्य रूप ओळखा' असे एक बरोबर आणि तीन चुकीचे पर्याय देणारे स्वाध्याय मी शिकण्याच्या काळात देत नाही. फळ्यावर 'असं लिहायचं नाही' म्हणून चुकीचा शब्द लिहून त्यावर फुली मारणंही बंद केलं. फुली विसरली जाते, शब्द राहतो. या लेखातही चुकीचं रूप एकदाही छापलेलं नाही, ते याचसाठी.

चुकीचे पर्याय न दाखवता सराव द्यायचा असेल तर वेलांटी किंवा उकार गाळून शब्द द्या. 'फूल' साठी 'फ' आणि 'ल' लिहायचं आणि 'फ'खाली छोटी रिकामी चौकट काढायची. मुलाने ती आठवणीतून भरायची. चूक कुठेच दिसत नाही आणि लक्ष मात्र नेमकं हवं तिथे जातं.

शब्दाभोवती बाह्यरेषा काढून त्याचा 'आकार' लक्षात ठेवण्याचा खेळही प्रचलित आहे. लहान मुलांना तो आवडतो, पण मराठीत त्याचा फायदा थोडाच. ज्या जागी आपण सर्वांत जास्त चुकतो तिथे, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या उकारात, बाह्यरेषा जवळपास सारखीच येते. तो वेळ गाळलेल्या उकाराला द्या.

पुन्हा कधी विचारायचं

आज आलेला शब्द उद्या विसरला जाणार, हे गृहीत धरूनच चला. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. पहिल्या काही तासांत आपण सर्वांत जास्त विसरतो, पुढे वेग मंदावतो. म्हणून उजळणी सुरुवातीला जवळजवळ आणि नंतर लांब लांब हवी.

माझ्याकडे तीन डबे असतात. नवीन शब्द पहिल्या डब्यात, ते रोज विचारायचे. सलग तीन दिवस न बघता बरोबर आला की शब्द दुसऱ्या डब्यात, तो आठवड्यातून एकदा. तिथे सलग तीनदा बरोबर आला की तिसऱ्यात, तो महिन्यातून एकदा. कुठेही चुकला तरी परत पहिल्या डब्यात, आणि पाहण्याच्या पायरीपासून पुन्हा. मुलांना कार्ड स्वतःच्या हाताने पुढच्या डब्यात टाकायला फार आवडतं. ते काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

जोडकार्डं: रूप बदललं की काय होतं

पंधरा-वीस शब्द पक्के झाले की हा टप्पा घ्या. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं अंग बदलतं आणि मुलाने कष्टाने बसवलेला दीर्घ अचानक ऱ्हस्व होतो. 'फूल' पण 'फुलाला'. 'बहीण' पण 'बहिणीला'. 'गरीब' पण 'गरिबाला'. 'मूल' पण 'मुलाला'. मुलाला वाटतं, आपण आधी चुकीचं शिकलो.

यासाठी कार्डाच्या दुप्पट लांब पट्टी घ्या आणि मधोमध घडी घाला. डाव्या बाजूला 'फूल', उजव्या बाजूला 'फुलाला'. उकार आपापल्या रंगात. घडी उघडली की निळा उकार हिरवा होताना दिसतो. अशा पाच-सहा पट्ट्या एकाखाली एक ठेवून मुलाला एवढंच विचारा, "प्रत्येक ठिकाणी काय झालं?" नियम ते स्वतः सांगतं. मी सांगितलेला नियम आठवड्यात विसरलेल्या मुलांनी स्वतः शोधलेला हा नियम पुढच्या वर्षीही सांगितला आहे.

इथे फक्त मराठी वळणाचे शब्द घ्या. 'शरीर', 'गीत', 'जीवन' हे तत्सम शब्द अंग बदललं तरी दीर्घच राहतात, 'शरीराला', 'गीताला', 'जीवनाला'. त्यांच्या वेगळ्या पट्ट्या करायच्या, आणि त्या महिनाभराने आणायच्या.

हट्टी शब्द

काही शब्द सगळं करूनही हटत नाहीत. अशा वेळी शब्दाच्या पोटात काय आहे ते दाखवायचं, कारण समजलेली गोष्ट डोळा सोडत नाही.

'महत्त्व' घ्या. 'महत्' आणि 'त्व' अशी दोन कार्डं वेगळी लिहा आणि मुलासमोर एकमेकांना चिकटवा. पहिल्या कार्डाच्या शेवटी एक 'त', दुसऱ्याच्या सुरुवातीला एक 'त'. दोन का, हे समोरच दिसतं. 'तत्त्व' आणि 'सत्त्व' तसेच जोडून होतात. मग 'नेतृ' आणि 'त्व' जोडून 'नेतृत्व' करा, तिथे पहिल्या कार्डाच्या शेवटी 'त' नाही, म्हणून एकच. ज्या मुलीने दहा 'म' आणि दहा 'ह' लिहिले होते, तिने ही कार्डं एकदा जोडली आणि त्यानंतर हा शब्द तिच्या वहीत मला चुकलेला सापडला नाही.

'आशीर्वाद' या शब्दात रफार भटकतो. मोठ्यांचाही भटकतो. कार्डाखाली सुटे आवाज लिहा: आ, शी, र्, वा, द. अर्धा 'र' ज्याच्या आधी उच्चारला जातो, त्याच्या डोक्यावर तो जाऊन बसतो. 'र्'नंतर लगेच कोण आहे? वा. म्हणून रफार 'वा'वर. 'र्' पासून 'वा'च्या डोक्यापर्यंत एक बाण काढा. हाच बाण 'विद्यार्थी', 'कीर्ती', 'सूर्य' यांनाही चालतो.

'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. रक्तवाहिनी लांब असते, तिची वेलांटीही दीर्घ. अशा युक्त्या मुलांनी स्वतः रचलेल्या जास्त टिकतात. त्यांची युक्ती आपल्याला विचित्र वाटली तरी बदलू नका.

कधी थांबून तज्ज्ञाकडे जायचं

रोज दहा मिनिटं, तीन-चार महिने नेमाने करूनही तेच ते शब्द दर आठवड्याला नव्याने चुकत असतील, वाचनही त्याच वयाच्या मुलांपेक्षा बरंच संथ असेल, अक्षरांची अदलाबदल होत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्याआधी डोळे तपासून घ्या. मूल कार्ड नाकाशी धरत असेल किंवा एक डोळा मिटून बघत असेल तर तेवढ्यासाठी महिनोन्‌महिने थांबू नका. अशा मुलाला जास्त सराव दिला की त्याचा आत्मविश्वास जातो आणि अडचण तिथेच राहते.

शब्दांतून वाक्यांत

कार्डावर आलेला शब्द निबंधात पुन्हा चुकतो, ही तक्रार हमखास येते. स्वाभाविक आहे. निबंध लिहिताना मुलाचं लक्ष काय सांगायचं याकडे असतं. म्हणून आठवड्यातून एकदा पहिल्या दोन डब्यांतले पाच शब्द गुंफून तीन-चार वाक्यं घाला आणि ती लिहायला सांगा. लिहिताना अजिबात टोकू नका. लिहून झाल्यावर मुलाने पेन्सिलीने ज्या शब्दाची खात्री वाटत नाही त्याखाली रेघ ओढायची. बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली रेघ आली तरी हरकत नाही. शंका यायला लागली हीच मोठी प्रगती आहे, कारण शंका आलेला शब्द शोधता येतो.

आणि शोधायचा शब्दकोशात, तुम्हाला विचारून नाही. शोधायची रीत एकदा हाताला धरून दाखवा. कोशात बाराखडीचा क्रम असतो, आधी ऱ्हस्व, मग दीर्घ. 'कीटक' शोधणारं मूल आधी 'कि'च्या पानांवर जातं, तिथे शब्द सापडत नाही. तेव्हा त्याला म्हणायचं, आता पुढे 'की'कडे जा. पानं उलटत ते तिथे पोचतं, शब्द सापडतो, आणि बहुतेक वेळा कोश मिटायच्या आधीच ते कार्डासाठी कागद मागतं.